अर्ध्या माहितीचे सुख
(प्रस्तावना)

कादंबरी हाती घेतलेला मनुष्य ती खाली का ठेवीत नाही, या प्रश्नाचा विचार आपल्याकडील समीक्षेने जितका करावयास हवा होता तितका केलेला नाही. कादंबरी थोर कशाने ठरते, तीत जीवनदर्शन किती, समाजहित किती, तंत्र किती आणि आविष्कार किती, यांवर दप्तरेच्या दप्तरे भरली आहेत. पण अकरा वाजता दिवा मालवायचा असा पक्का निश्चय करून अंथरुणाला पाठ टेकलेला एखादा सद्गृहस्थ दोन वाजेपर्यंत पाने का उलटीत राहतो, याची चौकशी करणे पंडितांना आपल्या इतमामास शोभणारे वाटले नसावे. ज्या थोड्यांनी ती केली त्यांनी ‘उत्कंठा’ असे एक उत्तर देऊन प्रकरण निकालात काढले. आणि उत्कंठा हा रहस्यकथेचा, म्हणजे फावल्या वेळी वाचून फेकून देण्याच्या वाङ्मयाचा, धर्म असल्यामुळे गंभीर लेखकाने तिच्या वाटेस जाऊ नये, असा एक अलिखित दंडकही पडून गेला. हा दंडक मला मान्य नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय रहस्यकथा एवढाच नाही. कथा कोणत्याही जातीची असो, तीत रहस्याचा उपयोग कसा होतो आणि वाचक त्याच्या बळावर कसा टिकून राहतो, हा त्याचा विषय आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. रहस्य म्हणजे लपवणूक, आणि जितकी लपवणूक अधिक तितकी वाचकाची ओढ अधिक, असे नवा लेखक धरून चालतो, व म्हणून तो सर्वच दारे-खिडक्या लावून घेतो: नायक कोण ते सांगत नाही, तो कोठून आला ते सांगत नाही, त्याला दुःख आहे एवढे सुचवितो पण कशाचे ते शेवटच्या पानाखेरीज उघड करीत नाही. परिणाम असा होतो की वाचकाला काहीच ठाऊक नसल्यामुळे काही जाणून घ्यावेसेही वाटत नाही. जे पूर्णपणे झाकलेले आहे त्याची ओढ कोणालाच लागत नसते. शेजारच्या वाड्यातील बंद खोली आपल्याला अस्वस्थ करते ती खोलीत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर रोज सायंकाळी कोणीतरी तिच्या उंबऱ्यावर ताट ठेवून जाते हे आपण पाहिलेले असल्यामुळे. वाचकाला धरून ठेवणारी वस्तू अर्धी माहिती ही आहे. आणि उरलेले अर्धे केव्हा, कोणाच्या तोंडून आणि किती किमतीला द्यावयाचे, एवढाच या कलेतील खरा प्रश्न आहे.

याचा सर्वोत्तम दाखला मला कोणा पाश्चात्त्य गुप्तहेरकथेत सापडला नाही. तो विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त सापडला. पहिल्याच अंकात चाणक्याचा निपुणक नावाचा हेर यमपट दाखवून भिक्षा मागणाऱ्याच्या वेषात पाटलिपुत्रात हिंडत असतो. चंदनदास जवाहिऱ्याच्या घरी तो गाणे म्हणत बसला असता पाचएक वर्षांचे एक गोजिरे पोर कुतूहलाने बाहेर येऊ लागते, आत बायकांचा गलबला उठतो, आणि दाराआडून एक स्त्री हात पुढे करून त्या पोराला मागे ओढते. त्या गडबडीत तिच्या बोटातील अंगठी निसटून गडगडत हेराच्या पायापाशी येऊन थांबते. निसटते का, तर ती पुरुषाच्या बोटाच्या मापाने घडविलेली असून तिला सैल होत असते. अंगठीवर चाणक्याचा प्रतिपक्षी अमात्य राक्षस याचे नाव. म्हणजे ती स्त्री राक्षसाची पत्नी, म्हणजे जवाहिऱ्याने आपल्या मित्राचे कुटुंब घरात लपविले आहे! एका सैल अंगठीवरून एवढा सगळा जाबजबाब पुरा होतो. पुढे याच मुद्रेच्या बळावर चाणक्य एक खोटे पत्र रचतो आणि राक्षसाभोवती जाळे आवळू लागतो.

आता यातील मर्म पाहा. चाणक्याने काय केले हे प्रेक्षकाला पहिल्या अंकातच ठाऊक होते. ठाऊक नसते ते एकट्या राक्षसाला. त्यानंतरचे सहा अंक आपण बसून राहतो ते काय घडले याचा शोध घेण्यासाठी नव्हे. त्या शहाण्या, एकनिष्ठ व अभागी अमात्याला ते केव्हा कळेल, आणि कळेल तेव्हा तो काय करील, हे पाहण्यासाठी. लेखक, पात्र आणि वाचक असे तीन पक्ष कथेत असतात, आणि कोणाला किती ठाऊक आहे याची वाटणी म्हणजेच रहस्य. ही वाटणी अनेक प्रकारे करता येते. खुनाच्या कथेत पात्राला ठाऊक असते आणि वाचकाला नसते. ‘मुद्राराक्षसा’त नेमके उलट.

हीच उलटी वाटणी आचार्य अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’ या नाटकात केली. 1962 साली ते रंगभूमीवर आले तेव्हा त्याचा फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांची एकामागून एक पालटणारी रूपे यांचा बोलबाला झाला, आणि तो यथार्थच होता. पण नाटक चालले ते त्यातील एका विलक्षण व्यवस्थेमुळे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून आपली कैफियत आपणच मांडतो, साक्षीदारामागून साक्षीदार येऊन ‘हाच तो’ असे सांगतो, आणि हा इसम शांतपणे इन्कार करतो. तो तोच आहे याविषयी नाट्यगृहातील एकाही माणसाला शंका नसते. तरीही शेकडो प्रयोगांना माणसे पुनःपुन्हा आली. रहस्य एकदा फुटले की कथेत राम राहत नाही, असे ठासून सांगणाऱ्यांनी या गर्दीचा खुलासा करावा.

मराठी कादंबरी तर रहस्याच्या मांडीवरच वाढली. हळब्यांच्या ‘मुक्तामाले’पासून (1861) तिच्यात ताटातुटी आणि अकल्पित भेटी आहेत, त्या कादंबऱ्या आज कोणी वाचीत नाही, आणि न वाचण्यात फारसे नुकसानही नाही. पण हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू करून तीत आपल्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने छापावयास आरंभ केला तेव्हा मराठी लेखकासमोर एक व्यावहारिक अडचण उभी राहिली: वाचकाला पुढच्या अंकापर्यंत राखून कसे ठेवावयाचे? ‘उषःकाला’त त्यांनी भुयारे आणि वेषांतरे यांचा सढळ हाताने उपयोग केला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मला त्यांचे खरे कौशल्य ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत दिसते, जीत भुयार नाही, खून नाही, आणि दडवून ठेवलेला दस्तऐवजही नाही. यमू आपली हकिकत मागे वळून सांगते आहे. पुढे काय वाढून ठेवले होते हे तिला ठाऊक आहे, आपल्याला नाही. आणि ती सुखाच्या दिवसांविषयी लिहीत असतानाही तिच्या वाक्यांतून त्या ठाऊक असण्याची सावली पडत राहते. त्या सावलीसाठी आपण पान उलटतो. समाजसुधारणेच्या कळकळीसाठी ही कादंबरी नावाजली गेली. पण त्या कळकळीने लिहिलेल्या इतर पुष्कळ कादंबऱ्या वाळवीने खाल्ल्या आणि ही उरली, त्याचे अर्धे श्रेय या योजनेला देणे भाग आहे.

दुसरी परंपरा उघडपणे रंजनाची. गोविंद नारायणशास्त्री दातार यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथा मराठी मातीत अशा काही रुजविल्या की तर्जुम्याचा वास सहसा येऊ नये. त्यांच्यानंतर बाबूराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण या नावाच्या गृहस्थाने अर्नाळकर हे नाव घेऊन हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी मुंबईच्या चाळींतून आणि तालुक्याच्या गावांतील वाचनालयांतून घरच्यासारखी वावरू लागली. पुढे गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांनी हा वसा चालविला. अर्नाळकरांच्या लेखनात उणिवा पुष्कळ: वेषांतर इतके बेमालूम की सख्ख्या भावाने ओळखू नये, पिस्तुल काढावयास सर्वांनाच सारखा वेळ, आणि खलनायक पकडला जाताच सगळी जबानी आपण होऊन देण्याची त्याची ती उदार वृत्ती! पण एका गोष्टीकडे टीकाकारांनी दुर्लक्ष केले. वाचनालयाच्या प्रतीत पहिल्याच पानावर कोणा दुष्टाने पेन्सिलीने गुन्हेगाराचे नाव लिहून ठेवलेले असे, आणि तरीही ती प्रत शिवण सुटेपर्यंत फिरत राही. लोकांना गुन्हेगार हवा होताच. पण झुंजार या वेळी कोणत्या पेचात सापडतो आणि त्यातून निसटतो कसा, हे त्यांना त्याहून अधिक हवे होते. लाखोंना वाचावयास शिकविणाऱ्या या लेखकाची वाङ्मयाच्या इतिहासात दोन ओळींवर बोळवण व्हावी, हे इतिहासकारांच्या हिशेबाला शोभत नाही.

हे पुस्तक मी ज्या गावी बसून लिहिले त्याचाही या विषयाशी एक चमत्कारिक संबंध आहे. पामर्स्टन नॉर्थ हे न्यूझीलंडमधील, मानावतू नदीच्या काठचे, लाखाच्या आतील वस्तीचे, विद्यापीठाचे आणि दुग्धसंशोधनाचे शहर. येथील मराठी कुटुंबे त्या दोहोंच्या निमित्ताने किंवा इस्पितळातील नोकरीच्या निमित्ताने आलेली. रहस्याला लागणारे धुके, गल्लीबोळ, पडके वाडे यांपैकी येथे काही नाही. मधोमध द स्क्वेअर नावाचा विस्तीर्ण हिरवा चौक, त्याच्या कडेला एका जुन्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत थाटलेले नगर-ग्रंथालय, आणि पूर्वेला डोंगरांच्या माथ्यावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या. 1960 च्या दशकापर्यंत रेल्वेचे रूळ या चौकातूनच जात असत. ऑकलंडहून वेलिंग्टनला जाणाऱ्या मुख्य मार्गावरचे हे ठाणे, आणि त्या मार्गावरील रात्रीच्या गाडीतच नायो मार्श या लेखिकेच्या ‘व्हिंटेज मर्डर’ (1937) या कादंबरीचा आरंभ होतो.

नायो मार्श (1895–1982) ही क्राइस्टचर्चची. तरुणपणी ती एका फिरत्या शेक्सपिअर-मंडळीत नटी होती, आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या नाटकमंडळींचे जग तिला आतून ठाऊक होते. आपल्या किर्लोस्कर-गंधर्वांच्या काळातील मंडळी ज्यांनी वाचनातून का होईना पाहिली आहे, त्यांना या कादंबरीत परके वाटणार नाही. रॉडरिक अ‍ॅलिन या तिच्या इन्स्पेक्टरवर तिने एकूण 32 कादंबऱ्या लिहिल्या. या कादंबरीत तो रजेवर असून एका इंग्रज नाटकमंडळीबरोबर गाडीत बसलेला आहे. डब्यातच मंडळीचा मालक त्याला सांगतो की आपल्याला कोणीतरी मघाशी चालत्या गाडीबाहेर ढकलू पाहिले. पुढे मिडल्टन गावी त्याच्या पत्नीचा, मंडळीच्या प्रमुख नटीचा, वाढदिवस रंगमंचावर साजरा होतो. मालकाने तिच्यासाठी एक भली मोठी शॅम्पेनची बाटली वरच्या तुळयांतून सावकाश खाली उतरावी अशी योजना केली आहे: दोरीच्या एका टोकाला बाटली, दुसऱ्या टोकाला तिला तोलून धरणारे वजन, आणि नटीने दोरी कापली की बाटली हलकेच टेबलावर यावी. ती येते, पण हलकेच नाही. वजन कोणीतरी काढून घेतलेले असते, आणि बाटली मालकाच्याच मस्तकावर आदळते.

येथे लेखिकेने मांडलेला डाव बारकाईने पाहण्यासारखा आहे. ज्या यंत्रणेने मृत्यू येतो ती तिने वाचकापासून यत्किंचितही दडविलेली नाही. दोरी, कप्पी, वजन सर्व आपल्यासमोर मांडून ठेवले आहे, नाटकातील कामगारांना जितके ठाऊक तितके आपल्यालाही. जे दडविले आहे ते एकच, कोणाचा हात. शिवाय ही सगळी माणसे व्यवसायानेच सोंग आणणारी. त्यांचा शोक खरा किती आणि सवयीचा किती, हे पंचनाम्यात येत नाही. मुद्देमाल समोर असूनही खटला उभा राहत नाही, अशी ही स्थिती वाचकाला मध्यरात्रीपर्यंत जागवीत नेते.

आणखी एक गंमत. या कादंबरीला लेखिकेने लहानसे प्रास्ताविक जोडले असून त्यात तिने स्वच्छ बजावले आहे की मिडल्टन नावाचे गाव अस्तित्वात नाही, आणि ते कोणत्याही खऱ्या गावाचे टोपणनावही नाही. ऑकलंड किंवा वेलिंग्टन निवडले असते तर कथेतील पोलीस व डॉक्टर ही खऱ्या माणसांची चित्रे आहेत असा समज होण्याचा धोका होता, म्हणून ओहाकुनेच्या दक्षिणेस मोकळ्या रानात तिने ते वसविले. आता ओहाकुनेहून दक्षिणेस निघालेली गाडी आमच्या गावी येते, हे येथील शाळकरी पोरही सांगेल. लेखिकेचा इन्कार मी अर्थातच शिरोधार्य मानतो. पण तो वाचताना लखोबाची आठवण होते, आणि पुढची सगळी पाने मी आपल्या गावच्या खाणाखुणा हुडकीत वाचली, हेही खरे. अमुक येथे नाही असे सांगितले की वाचक नेमके तेच पाहू लागतो, ही युक्ती तिने प्रास्ताविकातही वाया जाऊ दिली नाही, असे माझे मत आहे.

याच देशात वाढलेल्या फर्गस ह्यूम याची गोष्ट अधिक रोकठोक आहे. तो डनीडनमध्ये कायदा शिकला, मेलबर्नला गेला, तेथील एका पुस्तकविक्रेत्याला कोणती पुस्तके अधिक खपतात असे विचारले, आणि गाबोरिओ या फ्रेंच लेखकाच्या गुप्तहेरकथा असे उत्तर मिळताच त्या सर्व विकत घेऊन त्या नमुन्यावर आपली कादंबरी लिहिली. ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ 1886 साली निघाली, म्हणजे शेरलॉक होम्सच्या एक वर्ष आधी, आणि तुफान खपली. ह्यूमने मात्र तिचे हक्क अवघ्या 50 पौंडांना विकून टाकले होते. एडगर वॉलेसने याच्या उलट टोकाचा प्रमाद केला. 1905 साली ‘द फोर जस्ट मेन’ प्रसिद्ध करताना त्याने रहस्य उलगडणाऱ्या वाचकांस 500 पौंडांची बक्षिसे लावली, पण विजेते किती असावेत याची अट घालावयाची राहून गेली. बरोबर उत्तरे आली, आणि लेखक कर्जात बुडाला.

वॉलेसचे कर्ज रोख होते. पण रहस्य योजणारा प्रत्येक लेखक एका अर्थी वाचकाचा ऋणको असतोच. पहिल्या प्रकरणात तो वाचकाकडून धीर उसना घेतो. मग वेळोवेळी थोडाथोडा उलगडा करून त्याने व्याज चुकते करावयाचे असते, आणि अखेरीस मुद्दल. व्याज थकले की वाचक मध्येच उठून जातो. मुद्दल बुडाले की तो पुन्हा त्या लेखकाच्या दारी येत नाही. मराठी दूरचित्रवाणीवरील मालिका येथे बसूनही पाहता येतात, आणि त्यांत एक सून एक गोष्ट नवऱ्याला सांगू की नको या विवंचनेत सहा-सहा महिने दाराशी उभी असते. ती गोष्ट प्रेक्षकाला, सासूला, मोलकरणीला, सर्वांना ठाऊक असते. ही ‘मुद्राराक्षसा’ची वाटणी नव्हे, कारण राक्षसाला सत्य कळल्याने एका राज्याचे आणि एका मित्राच्या प्राणाचे भवितव्य ठरावयाचे होते, आणि येथे फार तर एक भाग संपावयाचा असतो.

रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने 1929 साली गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगाराचा उल्लेख आरंभीच आला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही दिसला पाहिजे, आणि गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक असता कामा नये. (या शेवटच्या कलमाखाली आपल्या निम्म्या ऐतिहासिक कादंबऱ्या जप्त कराव्या लागतील.) हे नियम थट्टेच्या सुरात लिहिलेले असले तरी त्यांच्या बुडाशी एक गंभीर न्यायबुद्धी आहे: वाचकाला हरविण्याचा लेखकाला अधिकार आहे, फसविण्याचा नाही. शेवटच्या प्रकरणात कोठूनसा जुळा भाऊ उपटतो तेव्हा आपल्याला राग येतो तो पराभवाचा नसतो. आपल्याला खेळूच दिले नाही, याचा तो असतो.

तथापि सर्वच रहस्ये उलगडावयाची नसतात, आणि येथे ‘वेतालपंचविंशती’चा दाखला दिल्यावाचून पुढे जाणे अशक्य आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा मौन पाळील तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, आणि बोलेल तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. राजा शहाणा, म्हणून तो प्रत्येक वेळी बोलतो आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून आरंभ करतो. अखेरच्या गोष्टीत परक्या मायलेकींपैकी लेकीशी बाप आणि मायेशी त्याचा मुलगा विवाह करतो. त्यांच्या संततीचे परस्परांशी नाते काय, या प्रश्नाला राजाला उत्तर सापडत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा कोठे त्याची पायपीट संपते. उत्तरे मिळत होती तोवर गोष्टी चालू राहिल्या. उत्तर नसलेल्या गोष्टीने राजाला मुक्कामास पोचविले. आपल्याकडे रत्नाकर मतकरी यांनी ‘गूढकथा’ हा प्रकार रूढ केला त्याचा पाया येथे आहे, असे मी मानतो. नारायण धारपांच्या भयकथेत अमंगल शक्तीचा उगम व बंदोबस्त पुष्कळदा सापडतो. मतकरींच्या उत्तम कथेत पूर्ण खुलासा होत नाही, किंवा जो होतो तो मूळ प्रश्नाहून अधिक भयंकर असतो. अशी कथा लिहिणे सोपे आहे, असा नवोदितांचा एक लाडका समज आहे. वस्तुतः उत्तर नसलेला प्रश्न आणि लेखकालाच उत्तर न सुचलेला प्रश्न यांतील अंतर वाचकाला पहिल्या पानापासून जाणवत असते.

अलीकडच्या काळात एलेनॉर कॅटन हिने ‘द ल्युमिनरीज’ या कादंबरीत (तीस 2013 चे बुकर पारितोषिक मिळाले) या देशातील होकिटिका गावच्या 1866 मधील सोन्याच्या धामधुमीत एक गुंतागुंतीचे रहस्य बसविले. हॉटेलातील एका खोलीत बारा माणसे गुप्तपणे जमली असता एक परका आत येतो, येथून आरंभ. आणि ग्रंथाचे बारा भाग असे की प्रत्येक भाग आधीच्याहून सुमारे निम्मा. पहिल्यात वाचक हरवून जातो, शेवटचे भाग दोन-दोन पानांत आटोपतात. कित्येकांना ही निव्वळ कारागिरी वाटली. माझ्या मते उलगड्याचा वेग शेवटाकडे वाढत जावा हे जुने शहाणपण तिने पानांच्या संख्येत उतरवून दाखविले. मात्र पहिली साडेतीनशे पाने टिकण्याइतका धीर वाचकाकडून उसना घेण्याची ऐपत प्रत्येक लेखकाची नसते, हेही बजावून ठेवावयास हवे.

पुढील लेख येथील काही मराठी घरांत हिवाळ्याच्या रात्री झालेल्या वाचनांतून आणि वादांतून तयार झाले. वाद कडाक्याचे होत. विशेषतः अर्नाळकरांच्या बाजूने बोलणारे व मतकरींच्या बाजूने बोलणारे यांच्यात समेट घडविण्याचा प्रयत्न मी सोडून दिला असून दोन्ही पक्षांचे म्हणणे जसेच्या तसे रुजू केले आहे. लेखांचा क्रम कालानुसारी नाही. ज्यास संस्कृत नाटकाची आवड नाही त्याने तो भाग खुशाल ओलांडावा, पण अंगठीचे प्रकरण तेवढे वाचावे. जेथे कथेचा शेवट सांगितल्यावाचून विवेचन शक्यच नव्हते तेथे परिच्छेदाच्या आरंभी तशी सूचना दिली आहे. ‘व्हिंटेज मर्डर’मधील ते वजन कोणी काढले, हे मात्र या पुस्तकात कोठेही सापडणार नाही, नगर-ग्रंथालयातील प्रत बहुधा बाहेर गेलेली असते, यास्तव नाव नोंदवून ठेवावे.

पामर्स्टन नॉर्थ